फॅलोच्या टेट्रालॉजीच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामाची तीव्रता कशी ठरवावी?

प्रश्न

माझे वय 29 वर्षे आहे. फॅलोची टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषासाठी वयाच्या तिसऱ्या वर्षी माझी शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांमध्ये राहते तशी फुप्फुस-धमनीच्या झडपेची मध्यम गळती माझ्यातही आहे आणि इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा उजवा कप्पा किंचित मोठा दिसतो. शाळेत खेळाच्या तासाला मला बाकावर बसवून ठेवत असत. ती सवय अंगात इतकी मुरली, की आज तीन मजले चढताना लागणारी धाप हृदयामुळे लागते की कधीच न वापरलेल्या स्नायूंमुळे, हे मला ओळखता येत नाही. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असे सांगितले आहे. परंतु कोणता व्यायाम, किती आणि थांबायचे केव्हा, हे विचारायचे राहून गेले. 220 वजा वय या सूत्राने माझी कमाल नाडी 191 यायला हवी, प्रत्यक्षात मी 150 च्या आसपासच थकून जाते. मी पुरेसा जोर लावत नाही, असा याचा अर्थ आहे का? वजने उचलावीत का?

उत्तर 1 (हृदय-पुनर्वसन विभागातील फिजिओथेरपिस्ट)

नाही, तसा अर्थ मुळीच घेऊ नका. जन्मजात हृदयविकारावर शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची नाडी श्रम वाढले तरी अपेक्षेइतकी वाढत नाही, आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) चालू असेल तर ती आणखी खाली राहते. त्यामुळे 191 चा पाठलाग करणे निरर्थक आहे आणि कधी कधी धोक्याचेही. त्याऐवजी श्रम किती जाणवतात ते 6 ते 20 या आकड्यांत सांगणाऱ्या बोर्ग मापावर श्रम स्वतः मोजायला शिका. सुरुवातीला 12 ते 13, म्हणजे जेथे वाक्य पूर्ण बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी तीव्रता पुरे.

धाप हृदयाची की स्नायूंची, या प्रश्नावर मात्र अंदाज बांधत बसू नये. त्यासाठी कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट आहे. सायकल किंवा ट्रेडमिलवर मास्क लावून शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते ते मोजतात आणि त्याच वेळी ईसीजी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहतात. मर्यादा कोठून येते, याचा पुष्कळसा उलगडा त्यातून होतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या 2020 च्या क्रीडाविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही केवळ आजाराच्या नावावरून निर्णय न घेता कप्प्यांची कार्यक्षमता, फुप्फुस-धमनीतील दाब, महाधमनीची रुंदी, हृदयाची लय आणि प्राणवायूचे प्रमाण या पाच गोष्टी तपासून व्यायाम ठरवावा असे म्हटले आहे. एकच निदान असलेल्या दोन व्यक्तींना मी अगदी वेगवेगळे कार्यक्रम दिले आहेत.

वजने उचलता येतील, परंतु हलकी, पुनरावृत्ती जास्त, आणि श्वास न रोखता. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते.

उत्तर 2

माझी फॉन्टन शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणजे शरीरातून परतणारे रक्त थेट फुप्फुसांकडे वळवलेले आहे. माझ्या फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा कप्पाच नसल्यामुळे ते रक्त शिरांमधील दाबावर, श्वासाच्या ओढीवर आणि पायांचे स्नायू आकुंचन पावताना मिळणाऱ्या रेट्यावर पुढे जाते. म्हणून माझ्या कार्यक्रमात पोटऱ्या आणि मांड्या बळकट करण्यावर मुख्य भर आहे. हे समजल्यापासून टाचा उचलण्याचा साधा व्यायामही मी मन लावून करतो. पहिल्या महिन्यात काहीच फरक जाणवला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

उत्तर 3

माझ्या मुलाच्या महाधमनीचा अरुंद भाग शस्त्रक्रियेने दुरुस्त झाला आहे. विश्रांतीच्या वेळी रक्तदाब व्यवस्थित असूनही श्रमाच्या चाचणीत तो फार वाढत असल्याचे आढळले, म्हणून जड वजने बंद केली आणि पोहणे चालू ठेवले. त्याचा रक्तदाब उजव्या हातावरच मोजावा, असे आम्हाला सांगितलेले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. चाचणीसाठी मी डॉक्टरांकडे चिठ्ठी मागणार आहे. तोपर्यंत चालणे सुरू ठेवावे का, आणि कितपत सुधारणेची अपेक्षा ठेवावी?

उत्तर 1 (फिजिओथेरपिस्ट)

सपाट रस्त्यावर, सहज बोलता येईल अशा वेगाने चालायला तुमच्या डॉक्टरांची ना नसेल तर अवश्य चाला. पहिली पाच-सात मिनिटे हळू चाला आणि शेवटही एकदम थांबून करू नका, वेग उतरवत आणा. श्रमादरम्यान चक्कर किंवा भोवळ आली, छातीत दुखले, धडधड अचानक सुरू होऊन थांबेना किंवा ओठ निळसर दिसले, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. शुद्ध हरपली तर वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे लागते, आणि ही गोष्ट तुमच्यासोबत चालणाऱ्या व्यक्तीला आधीच माहीत असायला हवी.

अपेक्षेबद्दल म्हणाल, तर जन्मजात हृदयविकार असलेल्यांवरील 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय संशोधनाच्या एकत्रित आढाव्यात) 15 अभ्यास एकत्र पाहिले गेले आणि व्यायामाने तंदुरुस्तीत वाढ दिसली, पण ती लहान होती. झडपेची गळती व्यायामाने कमी होणार नाही. त्यासाठी ठरलेली इको आणि एमआरआय तपासणी चुकवू नका. तुमचे स्नायू मात्र इतकी वर्षे वापराविना राहिले आहेत, म्हणून जिन्यावरचा फरक तुम्हाला जाणवेल असे मला वाटते. चाचणीचा अहवाल आला की येथे पुन्हा लिहा. त्यातील आकडे पाहून बोलणे सोपे जाईल.