सर्व्हर देखरेख सेवेत कराराबाहेरच्या जादा वापराचे बिल कसे काढतात?

प्रश्न – पहारा_पुणे

नमस्कार. आमच्या ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळाला एरवी 20 सर्व्हर पुरतात. दिवाळीच्या सवलतीच्या काळात मात्र ऑटोस्केलिंगमुळे (गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवण्या-घटवण्याच्या सोयीमुळे) ही संख्या 60 वर जाते, साधारण चार दिवस तिथेच राहते आणि मग पुन्हा खाली येते. देखरेखीसाठी आम्ही डेटाडॉग या सर्व्हर देखरेख सेवेचा प्रो प्लॅन 20 होस्टच्या (म्हणजे देखरेखीखालच्या सर्व्हरच्या) वार्षिक कराराने घेण्याच्या विचारात आहोत. त्या जादा 40 होस्टचे पैसे चार दिवसांपुरते लागतील, महिन्याच्या सरासरीने लागतील, की पूर्ण महिन्याचे लागतील? लेखा विभागाला नोव्हेंबरचा अंदाज द्यायचा असल्यामुळे मला गणिताची पद्धत समजून घ्यायची आहे.

उत्तर – नोंदवही

आपल्या बाबतीत पूर्ण महिन्याचे लागतील. डेटाडॉगमध्ये दर तासाला होस्ट मोजले जातात, महिन्याचे सर्व तास होस्टसंख्येच्या क्रमाने लावले जातात, सर्वाधिक संख्येचे वरचे 1 टक्का तास वगळले जातात आणि उरलेल्यांतील सर्वात मोठा आकडा त्या महिन्याचा वापर म्हणून धरला जातो. नोव्हेंबरचे तास 720, म्हणजे वगळले जाणारे तास सुमारे सात. आपली गर्दी पाच तासांत ओसरली असती, तर बिल 20 होस्टचेच राहिले असते; पण चार दिवस म्हणजे 96 तास, त्यामुळे सात तास वगळूनही आकडा 60 च राहतो. (डेटा सेंटरच्या बँडविड्थचे बिल ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथे बहुधा वरचे 5 टक्के नमुने वगळतात, म्हणजे 30 दिवसांच्या महिन्यात तब्बल 36 तासांची सूट मिळते. इथली सूट त्या मानाने फारच तुटपुंजी आहे.)

गणितासाठी करारातील होस्टला महिना 15 डॉलर आणि त्यापलीकडच्या होस्टला 18 डॉलर असा दर धरू. करारातील 20 होस्टचे 300 आणि जादा 40 होस्टचे 720, असे एकूण 1,020 डॉलर होतात. हेच जादा होस्ट सरासरीने मोजले असते, तर ते महिन्याला सव्वापाचच्या आसपास भरले असते आणि त्यांचे फक्त 96 डॉलर झाले असते. म्हणून दरावर घासाघीस करण्याआधी मोजणीची पद्धत कोणती, हे करारात नेमके पाहावे, असे माझे ठाम मत आहे. करारापुरते मासिक आणि त्यावरचे होस्ट तासागणिक, असा मिश्र प्लॅनही तिथे आहे. आपल्यासारख्या हंगामी वापराला तोच योग्य ठरेल. समजा तासाचा दर 3 सेंट पडला, तर 40 होस्टच्या 3,840 तासांचे सुमारे 115 डॉलर होतील.

उत्तर – टॅगमोजणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे; पण होस्टइतकीच काळजी कस्टम मेट्रिक्सची, म्हणजे आपण स्वतः ठरवून पाठवलेल्या मोजमापांची, घ्यावी लागते. एका नावाचे मेट्रिक म्हणजे एकच नग, असे तिथे धरत नाहीत. नाव आणि टॅगची (मोजमापाला जोडलेल्या लेबलची) मूल्ये यांची प्रत्यक्षात पाठवली गेलेली प्रत्येक वेगळी जुळणी स्वतंत्र मोजली जाते. प्रतिसादाला लागणारा वेळ नोंदवणारे एकच मेट्रिक 20 होस्ट, 10 एंडपॉइंट (संकेतस्थळाचे वेगवेगळे पत्ते) आणि 4 स्टेटस कोड (प्रतिसादाचे निकाल-क्रमांक) यांच्या टॅगसह पाठवले, तर 800 पर्यंत नग होतात. त्यात कुणी ग्राहक क्रमांकाचा टॅग जोडला, तर संख्या ग्राहकांच्या प्रमाणात वाढत जाते. प्रो प्लॅनमध्ये दर होस्टमागे 100 कस्टम मेट्रिक्स मिळतात आणि ती खात्यात एकत्र धरली जातात, म्हणजे 20 होस्टना 2,000. समाधानाची बाब अशी की यांचा हिशेब महिन्यातील तासांच्या सरासरीने होतो, त्यामुळे चार दिवसांची उसळी इथे तितकी महाग पडत नाही. कायमचा चुकीचा टॅग मात्र दर महिन्याला पैसे खातो. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेमध्येही डायमेन्शनची (तिथल्या टॅगसारख्या लेबलची) प्रत्येक जुळणी वेगळे मेट्रिक ठरते. तिथे मासिक दर तासांच्या प्रमाणात विभागून लावतात.

प्रतिसाद – पहारा_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. जादा 40 पैकी मोजक्याच सर्व्हरवर एजंट (माहिती गोळा करून डेटाडॉगला पाठवणारा प्रोग्रॅम) बसवला, तर बिल कमी होईल का?

उत्तर – नोंदवही

एजंट न बसवल्याने तेवढे सर्व्हर आपोआप बिलाबाहेर राहतील, असे समजू नये. आपले सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडवर असतील आणि ते खाते इंटिग्रेशनने (थेट जोडणीने) डेटाडॉगला जोडलेले असेल, तर तिथून दिसणारे ईसी2 (ॲमेझॉनचे भाड्याचे) सर्व्हरही एजंटविना होस्ट म्हणून मोजले जातात. कोणते सर्व्हर आत घ्यायचे, हे इंटिग्रेशनच्या सेटिंगमध्ये टॅगनुसार ठरवता येते. ती गाळणी विक्री सुरू होण्याआधीच लावून ठेवावी, कारण सात तासांची सवलत ओलांडल्यावर सर्व्हर वगळूनही त्या महिन्याचा आकडा खाली येत नाही. तरीही सर्वाधिक गर्दीच्या वेळीच निम्म्याहून अधिक सर्व्हर नजरेआड ठेवणे मला पटत नाही. त्यापेक्षा मिश्र प्लॅन मागावा. अंदाजित वापराची मेट्रिक्स खात्यातच मिळतात, त्यांवर 25 होस्टचा अलर्ट लावून ठेवावा.

लेखा विभागासाठी आणखी एक गोष्ट: बिल परदेशी कंपनीकडून डॉलरमध्ये येणार असेल, तर 18 टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जखाली (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याच्या पद्धतीने) आपल्या कंपनीला भरावा लागतो आणि नियमांत बसत असल्यास त्याचे इनपुट क्रेडिट मिळते. नोव्हेंबरच्या अंदाजात ही रोख रक्कम वेगळी दाखवावी.