मुलाला टॅकल फुटबॉल खेळू द्यावं का? डोक्याच्या माराचं खरं काय ते सांगा

टेक्सासची_आई:

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या बाजूला राहतो, मुलगा आता सातवीत जाणार आणि इथे सातवीपासून शाळेचा टॅकल फुटबॉल (समोरच्याला अंगावर जाऊन पाडतात तो अमेरिकन फुटबॉल) सुरू होतो हे इथल्यांना माहीतच असेल. चिरंजीव अंगाने दणकट आहेत, कोचने बघताक्षणीच सांगितलं की याला लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अंगाने अडवणाऱ्या दणकट पोरांच्या रांगेत घेऊ, तेव्हापासून स्वारी हवेत. नवरा काउबॉइज या डॅलसच्या टीमचा पक्का फॅन, त्याला तर आभाळ ठेंगणं झालंय. मी एकटीच व्हिलन.

शाळेकडून एक फॉर्म आलाय, कन्कशनबद्दलची (डोक्याला मार लागून मेंदूला बसणारा हादरा) माहिती वाचली म्हणून आईवडिलांनी सही करायची. तो वाचला आणि मग रात्री नेटवर अजून वाचत बसले, ते नसतं केलं तर बरं झालं असतं. एनएफएल म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले त्यातल्या ११० मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार लागून होणारा मेंदूचा आजार) सापडला असं सगळीकडे लिहिलंय. म्हणजे ९९ टक्के? हे खरं आहे का? नवरा म्हणतो ते जुन्या काळातले खेळाडू, तेव्हाची हेल्मेट टाकाऊ होती, आता प्रोटोकॉल आहे, कन्कशन झालं की लगेच बाहेर काढतात. मला एवढंच कळत नाहीये की समजा याला एकदाही कन्कशन झालं नाही तर काळजीचं कारण संपलं का? कुणी यातलं जाणकार असेल तर प्लीज नीट सांगा, घाबरवू नका आणि उगाच धीरही देऊ नका.

रिहॅबवाली:

ताई, मी डॉक्टर नाही, पण डोक्याला मार लागलेल्या पेशंटबरोबर रिहॅबमध्ये काम करते त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

आधी तो ९९ टक्क्यांचा आकडा. तो बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या टीमचा २०१७ चा अभ्यास. आकडा खरा आहे पण त्याचा अर्थ "एनएफएल खेळलेल्या ९९ टक्के लोकांना सीटीई होतो" असा नाही. हे मेंदू दान केलेले होते, आणि दान कोण करतं, तर ज्या घरात नवऱ्याचं, बापाचं वागणं बदललेलं डोळ्यांनी बघितलंय तेच. ज्याचं म्हातारपण सुखात गेलं त्याच्या घरच्यांना मेंदू तपासायला द्यावा असं सुचतच नाही. त्यामुळे खरं प्रमाण त्यापेक्षा बरंच कमी असणार. पण म्हणून तो आकडा फेकून द्यायचा का, तर तेही नाही, कारण २०२३ पर्यंत त्याच टीमने ३७६ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले होते आणि ३४५ मध्ये सीटीई होता, आणि सर्वसामान्य लोकांचे १६४ मेंदू बघितले त्यात सापडला फक्त एक, आणि तो एकसुद्धा कॉलेजात फुटबॉल खेळलेला. दान करणाऱ्यांमुळे आकडा फुगतो हे मान्य, पण इतका फरक नुसता फुगून येत नाही. तुमच्या कामाचा आकडा वेगळाच आहे बघा, त्याच २०१७ च्या अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले १४ जण होते, त्यातल्या तिघांत सापडला, आणि कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ मधल्या ४८ जणांत. म्हणजे जितकी वर्षं जास्त तितकं वाईट, ही चढण सरळ दिसते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कन्कशन झालंच नाही तर. इथेच सगळ्यांची गल्लत होते. सीटीई आणि कन्कशनची संख्या यांचा संबंध फार कच्चा निघालाय. २०२३ मध्ये ६३१ खेळाडूंच्या मेंदूंवर एक मोठा अभ्यास आला, त्यात हेल्मेटमधल्या सेन्सरचा डेटा वापरून प्रत्येकाने आयुष्यभरात एकूण किती ठोके खाल्ले आणि ते किती जोराचे होते याचा अंदाज काढला, तर सीटीईशी जुळलं ते हे एकूण माराचं गणित, डॉक्टरांनी नोंदवलेली कन्कशन किती झाली ते नाही. आधी २०१९ साली २६६ खेळाडूंचा अभ्यास आला होता त्यात टॅकल खेळलेल्या प्रत्येक जादा वर्षामागे सीटीईची शक्यता साधारण ३० टक्क्यांनी वाढते असं दिसलं होतं, म्हणजे अडीचेक वर्षांत दुप्पट.

आणि लाइनमनची गोष्टच वेगळी. टीव्हीवर जो भयंकर टॅकल परत परत दाखवतात तो पास झेलणाऱ्या रिसीव्हरला किंवा बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला बसलेला असतो. लाइनवरची पोरं मात्र प्रत्येक प्लेला समोरच्याशी भिडतात, ठोका मध्यम, कुणी खाली पडत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एका सीझनमध्ये असे शेकडो. प्रोटोकॉल याला काही करू शकत नाही कारण प्रोटोकॉल सुरू होतो लक्षणं दिसल्यावर, आणि इथे लक्षणच नसतं.

हेल्मेटचंही तेच. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं आणि ते काम ते छान करतं. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो, डोकं झटक्याने थांबलं किंवा गर्रकन वळलं की तो आत हलतो, ताणला जातो. शहाळ्याला बाहेरून कितीही कापड गुंडाळा, हलवलं की आतलं पाणी हलणारच. त्या ताणाने मज्जातंतूंमधलं टाऊ नावाचं प्रोटीन बिघडतं, आणि मेंदूच्या घड्या जिथे सगळ्यात खोल जातात तिथे बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्याच्या गाठी साठायला लागतात. ही जागा आणि ही रचना सीटीईची खास खूण, अल्झायमरमध्ये अशी दिसत नाही. आणि पक्कं निदान आजही फक्त मृत्यूनंतर, मेंदूचे काप मायक्रोस्कोपखाली बघूनच होतं.

स्टीलर्स_वेडा:

मी पिट्सबर्गचा, त्यामुळे हे सगळं आमच्याच गावात सुरू झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. माइक वेब्स्टर, आमच्या स्टीलर्स टीमचा सेंटर, म्हणजे लाइनच्या बरोब्बर मधला माणूस (ताई, तुमच्या मुलाला नेमकं जिथे उभं करणार त्याच घोळक्यातला), १७ सीझन खेळला, चार सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला, १९९७ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि तोपर्यंत त्याची अवस्था अशी झाली होती की कधी ट्रकमध्ये झोपायचा, पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा, झोप लागावी म्हणून स्वतःला टेझरचा शॉक द्यायचा. २००२ मध्ये ५० व्या वर्षी गेला, हार्ट अटॅक. पोस्टमॉर्टेम आलं डॉ. बेनेट ओमालू यांच्याकडे, नायजेरियातून आलेला तरुण पॅथॉलॉजिस्ट, फुटबॉलचा गंध नाही, वेब्स्टर कोण तेही त्याला माहीत नव्हतं. मेंदू वरून बघितला तर नॉर्मल. दुसरा कोणी असता तर फाइल बंद केली असती, पण या गृहस्थाने काप काढून तपासायला लावले आणि त्यात ते टाऊ सापडलं. २००५ मध्ये पेपर छापून आला.

आणि एनएफएलने काय केलं माहितेय? पेपर मागे घ्या म्हणून पत्र. लीगची १९९४ पासून स्वतःची एक कमिटी होती डोक्याच्या दुखापतींवर, तिचे अध्यक्ष कोण तर सांधेदुखीचे डॉक्टर! वर्षानुवर्षं यांचं एकच पालुपद, आमच्या खेळाडूंना कायमचं नुकसान होतंय याला पुरावा नाही. आता यातली खरी मेख ऐका, लीगच्याच पेन्शन बोर्डाने १९९९ मध्येच वेब्स्टरला अपंगत्वाचे पैसे मंजूर केले होते आणि कारण लिहिलं होतं फुटबॉलमध्ये डोक्याला बसलेला मार. म्हणजे एका खिडकीत चेक लिहितायत आणि शेजारच्या खिडकीत पुरावा नाही म्हणतायत. लीगच्या बड्या अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे असं संसदेच्या समितीपुढे कबूल केलं ते थेट २०१६ साली.

तोपर्यंत किती गेले. माजी खेळाडू डेव्ह ड्युअरसनने २०११ मध्ये स्वतःला गोळी मारून घेतली ती छातीत, डोक्यात नाही, आणि माझा मेंदू तपासायला द्या अशी चिठ्ठी ठेवली. सीटीई निघाला. पुढच्या वर्षी ज्युनियर सिआऊ, तोही तसाच, वय ४३.

माजी खेळाडूंनी लीगवर केलेला नुकसानभरपाईचा खटला वाचाल तर अजून डोकं फिरेल. २०१३ ला आधी ७६५ मिलियन डॉलरची तडजोड ठरली, मग जज म्हणाल्या हे पुरणार नाही, मर्यादा काढली, आतापर्यंत एक बिलियनच्या वर वाटून झालेत. पण डिमेन्शियाचे क्लेम ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी असं धरून हिशोब करायची सोय त्यात होती!! म्हणजे तेवढेच मार्क पडले तरी गोऱ्याला पैसे आणि काळ्याला "तुमचं फार काही बिघडलेलं नाही". दोन माजी खेळाडू २०२० मध्ये कोर्टात गेले तेव्हा २०२१ ला हे बंद करायचं कबूल केलं. दर रविवारी मॅच मी अजूनही बघतो, बायको म्हणते तू ढोंगी आहेस, असेन.

साइडलाइन_बाबा:

वेब्स्टर १७ सीझन खेळला एनएफएलमध्ये, त्याच्या आधी कॉलेज, त्याच्या आधी हायस्कूल. आणि आपण बोलतोय सातवीच्या पोराबद्दल. दोन्ही एका तराजूत घालू नका राव.

माझा मुलगा इथेच ह्यूस्टनला हायस्कूलची चारही वर्षं खेळला. लाजाळू पोरगं होतं, त्या टीमने त्याला माणसात आणलं, आजही त्याचे जिवाभावाचे मित्र तेच आहेत. ऑगस्टच्या उन्हात सकाळी सहाला उठून प्रॅक्टिसला जायचा, आम्हाला कधी हाक मारावी लागली नाही. या गोष्टींना किंमत आहे की नाही? खोलीत बसून गेम खेळणारी पोरं बघितली की मला त्यांची जास्त काळजी वाटते.

पण ताईंनी खरं विचारलंय म्हणून खरं सांगतो. कॉलेजला गेल्यावर एकदा गप्पा मारताना सहज बोलला की ज्युनियर इयरला (अकरावीत) एका मॅचमध्ये डोळ्यांपुढे काजवे चमकले होते, पुढचे काही प्ले आठवतच नाहीत, आणि कुणाला सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर पुढच्या शुक्रवारी बाहेर बसावं लागलं असतं. मी त्या दिवशी स्टँडमध्ये नाचोज खात बसलो होतो. आणि सीझनच्या आधी ती कॉम्प्युटरवर बेसलाइन टेस्ट घेतात ना, काही मुलं ती मुद्दाम वाईट देतात म्हणे, म्हणजे नंतर मार लागून स्कोअर घसरला तरी कुणाला कळू नये. पोरं बाराची असतात हो.

तेव्हा सही करायच्या आधी कोचला जाऊन भेटा आणि विचारा, आठवड्यात पूर्ण पॅड घालून प्रत्यक्ष भिडायची प्रॅक्टिस किती मिनिटं? एनएफएलमध्ये अख्ख्या रेग्युलर सीझनला पॅड घालून १४ च प्रॅक्टिस करायला परवानगी आहे, मोठ्या माणसांना, लाखो डॉलर घेणाऱ्यांना! मग बारा वर्षांच्या पोरांना रोज कशाला आपटायचं? दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांवर सोडायचं ते ओक्लाहोमा ड्रिल अजून करतात का तेही विचारा, एनएफएलने २०१९ ला बंद केलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मैदानावर दुखापती बघणारा, लायसन्स असलेला अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो का, आणि पोराला बाहेर काढायचा निर्णय कुणाचा, त्याचा की कोचचा. कोच "बघू, करतो काहीतरी" असं म्हणाला तर समजून जा.

रिहॅबवाली:

बाबांशी माझं भांडण नाही, ट्रेनरचा मुद्दा तर लाख मोलाचा. फक्त दोन गोष्टी घालते.

मार लागलेला लपवून खेळणं हे सीटीईपेक्षा आजच्या आज धोक्याचं आहे. पहिलं कन्कशन भरायच्या आत दुसरा मार बसला तर कोवळ्या वयात मेंदूला भराभर सूज येऊन जीव जाऊ शकतो, क्वचित होतं पण होतं ते बहुतेक शाळकरी मुलांनाच. वॉशिंग्टन राज्यात एक तेरा वर्षांचा मुलगा असाच परत मैदानात पाठवला गेला आणि कायमचा अपंग झाला, त्यावरून तिथे २००९ साली कायदा झाला आणि मग पाच वर्षांत सगळ्या राज्यांत आले. तुमच्या हातातला फॉर्म त्याच मालिकेतला. आणि प्रोटोकॉल किती चालतो ते मायामीच्या टीमचा क्वार्टरबॅक टुआ याच्या वेळी २०२२ मध्ये सगळ्या देशाने बघितलं, रविवारी डोकं आपटून लडखडला, परत खेळला, चार दिवसांनी गुरुवारी पुन्हा आपटला आणि हाताची बोटं वाकडी होऊन तशीच ताठली. नंतर नियम बदलला. तिथे तर प्रत्येक मॅचला स्वतंत्र न्यूरो डॉक्टर हजर असतात.

दुसरं म्हणजे ज्यांची मुलं किंवा नवरे आधीच खेळलेत त्यांच्यासाठी. चिडचिड, विसरभोळेपणा, निराशा दिसली की लगेच "सीटीई झाला, आता संपलं" असं धरून बसू नका. माझ्याकडे असे येतात, पुढे बघितलं तर झोपेत श्वास अडकत असतो, थायरॉइड असतो, डिप्रेशन असतं, आणि या सगळ्याला उपचार आहेत. जिवंतपणी निदानच होत नाही त्या आजाराचं लेबल स्वतःला लावून लोक बरे होण्यासारखे आजारही अंगावर काढतात, त्याचा मला फार राग येतो.

टेक्सासची_आई:

सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्यालाही वाचायला लावलं. वेब्स्टर सेंटर होता हे वाचून गप्प झाला, मग म्हणाला आपल्याला कुठे त्याला एनएफएलमध्ये पाठवायचंय. मी म्हटलं तेच तर, मग इतकी वर्षं मार कशाला खायचा, खेळायचंच असेल तर नववीपासून बघू, दोन वर्षांचा मार तरी वाचला.

कोचला भेटून आलो. माणूस चांगला आहे, ओक्लाहोमा ड्रिल करत नाहीत म्हणाला. ट्रेनर मात्र हायस्कूलचाच, मिडल स्कूलच्या मॅचला येतो, प्रॅक्टिसला रोज नसतो. तिथेच माझं ठरलं. या वर्षी सही नाही.

आता घरात अबोला आहे, दार आपटणं वगैरे सुरू. फ्लॅग फुटबॉल (पाडायचं नाही, नुसती कमरेची पट्टी ओढायची) सुचवला तर म्हणतो ती पळणाऱ्या बारीक पोरांची गेम आहे, मी काय करू तिथे. दणकट मुलांसाठी दुसरं काय असतं इथे?

साइडलाइन_बाबा:

फ्लॅगमध्येही सेंटर लागतो हो, आणि बऱ्याच लीगमध्ये बॉल दिल्यावर सेंटर स्वतः पळून पास घेऊ शकतो, लाइनमनच्या नशिबात हे कधीच नसतं, हे सांगून बघा त्याला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला फ्लॅग आहे हेही सांगा. आणि शाळेच्या ट्रॅक टीममध्ये शॉटपुट आणि डिस्कस असतं, वसंतात सुरू होतं, आमच्याकडे सगळे लाइनमन तेच करायचे. फुटबॉलच्या कोचलाच विचारा, निम्म्या शाळांत ट्रॅकही तोच शिकवतो.