थिनरमधला अॅक्रिलिक रंग जुन्या फाटकावर सुरकुतला, काय करावे?

दांडियाबाजारकर: वडोदऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या लोखंडी फाटकावर कारागिराने थिनरमधला अॅक्रिलिक रंग लावला आणि पाहता पाहता खालचा ऑइलपेंट तापल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला. दुकानात या रंगाचे एका डब्याचे व दोन डब्यांचे असे प्रकार मिळतात. त्यांत नेमका फरक काय? बाहेरच्या भिंतीलाही तो चालेल का?

रंगरसायन: दोष अॅक्रिलिकचा नसून थिनरचा आहे. टोल्युइन, झायलीन यांसारखी द्रावके जुन्या ऑइलपेंटमध्ये शिरून त्याला फुगवतात आणि त्याची लोखंडावरची पकड सुटते. एका डब्याचा साधा रंग केवळ द्रावक उडून गेल्याने सुकतो, राळेच्या (रंगाचा थर बांधणाऱ्या पदार्थाच्या) साखळ्यांमध्ये नवे रासायनिक बंध होत नाहीत. म्हणून तो लवकर सुकतो आणि उन्हात ऑइलपेंटसारखा पिवळा पडत नाही, पण तेच थिनर पुन्हा लागले की विरघळतो. दोन डब्यांच्या रंगात राळेतील हायड्रॉक्सिल गट हार्डनरमधील (दुसऱ्या डब्यातल्या, थर कठीण करणाऱ्या द्रवातील) आयसोसायनेट या रसायनाशी जोडले जातात, त्यामुळे थर कठीण होतो व पेट्रोललाही पुष्कळ दाद देत नाही. मात्र एकदा मिसळलेला रंग काही तासांतच संपवावा लागतो. भट्टीत मेलामाइनसह पक्का होणारा तिसरा प्रकार कारखान्यांचा, तो इथे सोडून द्यावा.

फाटकासाठी मी दोन डब्यांचा रंगच निवडेन, पण जुना थर पूर्ण खरवडून आणि एपॉक्सी प्रायमर देऊन. हार्डनरच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो व तोंडाला बांधलेला रुमाल त्याला मुळीच अडवत नाही, तेव्हा कारागिराला ब्रशनेच, उघड्यावर आणि हातमोजे घालून काम करू द्यावे. ही काळजी कृपया टाळू नका.

रावपुरेकर: भिंतीविषयी लिहितो. नव्या प्लास्टरमधील क्षारामुळे ऑइलपेंटचा साबण होतो, अॅक्रिलिक मात्र टिकते. शिवाय द्रावकातले अॅक्रिलिक भुकटी सुटलेल्या भिंतीत खोल मुरते, त्यामुळे प्रायमर म्हणून ते उत्तम. परंतु पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर घट्ट थर दिल्यास आतली वाफ फोड आणते. भिंत नीट वाळू द्यावी व वरचा हात पाण्यातल्या इमल्शनचा द्यावा.

दांडियाबाजारकर: आभारी आहे. आज मागच्या जिन्याच्या कठड्यावर थिनरचा बोळा धरून पाहिला. तिथलाही जुना रंग लगेच उचलला. आता फाटकाबरोबर कठडाही लोखंडापर्यंत खरवडून घेतो.