गावच्या स्वयंसेवी वणवा पथकासाठी सुरक्षा साहित्य: निधी कोठून मिळवावा आणि साहित्य कोणाच्या नावावर असावे?

जावळीचा_रहिवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. माघ सरला की डोंगरावरचे गवत कडकडीत वाळते आणि बांधावरचा पालापाचोळा जाळताना हाताबाहेर गेलेली, किंवा पुढच्या वर्षी गवत चांगले फुटते या समजुतीने मुद्दाम लावलेली आग बघता बघता माथ्याला भिडते. नगरपालिकेचा बंब घाट चढून येईपर्यंत तासाभराहून अधिक वेळ जातो आणि आला तरी तो डांबरी रस्ता सोडून वर येऊ शकत नाही, म्हणून गावातील वीस-बावीस तरुणांनी मिळून एक पथक उभे केले आहे. वनविभागाचे कर्मचारी येईपर्यंत आग अडवून धरणे आणि गोठे, गवताच्या गंजी व वस्त्या वाचवणे एवढेच काम ते करते.

अडचण अशी आहे की ही मुले घरच्या कपड्यांनिशी, पायात चपला घालून, तोंडाला ओला रुमाल बांधून आणि हातात ओली डहाळी घेऊन आगीला भिडतात. गेल्या हंगामात एकाच्या ट्रॅकपँटवर निखारा उडाला. ते पॉलिस्टरचे कापड पेटले नाही, तर वितळून त्याच्या पोटरीला चिकटले, आणि दवाखान्यात ते सोडवताना त्याच्याबरोबर कातडीही निघाली. त्या दिवसापासून साहित्य मिळाल्याशिवाय मुलांना डोंगरावर पाठवायचे कसे, हा प्रश्न मला सतावतो आहे.

ग्रामपंचायतीत विचारले असता अग्निशमनासाठी आमच्याकडे लेखाशीर्षच (खर्च दाखवायचे खातेच) नाही असे उत्तर मिळाले. गावातील बरेच लोक मुंबईत माथाडी कामगार आहेत व त्यांचे मुंबईकर मंडळ वर्गणी काढायला तयार आहे. एका विक्रेत्याने अग्निरोधक सूट आणि श्वसनयंत्राचे सिलिंडर असा संच सुचवला आहे, परंतु त्याची किंमत पाहता आमच्या ऐपतीत दोन-तीनच संच बसतील. निधी कोणत्या मार्गाने मागावा, तो कोणाच्या नावावर घ्यावा आणि आधी काय खरेदी करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_ग्रामसेवक

आपल्याला ग्रामपंचायतीत मिळालेले उत्तर अर्धेच खरे आहे आणि ते तसे का मिळते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा अर्ज नीट लिहिता येणार नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत, अग्निशमन सेवा स्पष्टपणे नमूद आहे, परंतु पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ती नाही. वित्त आयोगाच्या अनुदानाकडे बोट दाखवून मागणी केली की लेखापरीक्षणातील आक्षेपाच्या भीतीने ग्रामसेवक मागे सरतो, यामागचे कारण हेच आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात आधार द्यावा लागतो.

तो आधार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातच आहे. कलम ४५ खालील ग्रामसूचीत, ग्रामसंरक्षणाच्या शीर्षाखाली, आग विझवण्यास मदत करणे आणि आग लागली असता जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे ग्रामपंचायतीचे काम म्हणून दिलेले आहे. तेव्हा घरपट्टी आणि इतर करांतून जमा होणारा जो ग्रामनिधी, त्यातून हेल्मेट, बूट, हातमोजे घेण्याला कायद्याची अडचण नाही. अडचण असते ती रक्कम तुटपुंजी असण्याची, कारण डोंगरातल्या लहान ग्रामपंचायतीचा स्वनिधी दिवाबत्तीचे बिल भरतानाच संपतो.

वित्त आयोगाच्या पैशाचे गणित वेगळे आहे. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के बंधित असून ते पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठीच खर्च होते. उरलेले ४० टक्के अबंधित असले तरी त्याची चौकट त्या २९ विषयांचीच आहे. सामाजिक वनीकरण आणि सामुदायिक मत्तांचे परिरक्षण (सार्वजनिक मालमत्तेची देखभाल) हे दोन्ही विषय मात्र त्या यादीत आहेत. गावाने लावलेली झाडे, गायरान, पाण्याची टाकी व पाईपलाईन, शाळा यांचे वणव्यापासून रक्षण अशा शब्दांत काम मांडले, तर ते चौकटीत बसवता येते. यात शब्दांची कसरत नाही, कारण आपले पथक प्रत्यक्षात हेच काम करते. मार्च २०२६ नंतरच्या निधीला सोळाव्या आयोगाचे निकष लागतील, त्यामुळे ते परिपत्रक आधी पाहून घ्यावे.

वेळेचे भान ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि आराखड्यात नसलेल्या कामाचे पैसे ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवरून निघत नाहीत. वणवा फेब्रुवारीत लागतो म्हणून लोक फेब्रुवारीत अर्ज घेऊन येतात, पण तोपर्यंत त्या वर्षाचे दार बंद झालेले असते. या हंगामासाठी पुरवणी आराखड्याची विनंती करता येईल, तरी खरा भर ऑक्टोबरच्या ग्रामसभेवर द्यावा आणि ठरावात साहित्याचा नग, दर्जा व अंदाजित रक्कम लिहूनच घ्यावी.

अग्निशमन_सेवेतील_जुना_माणूस

मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात आयुष्य घालवले, म्हणून खरेदीविषयी स्पष्ट लिहितो. आपल्या विक्रेत्याने सुचवलेला संच आपल्या कामाचा नाही. श्वसनयंत्राच्या सिलिंडरमध्ये हवा भरायला खास कॉम्प्रेसर लागतो, सिलिंडरची ठराविक मुदतीने दाबचाचणी करावी लागते, आणि मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतो की नाही याचा सराव नियमित नसेल तर ते यंत्र वापरणाऱ्याला खोटा धीर देते. ते बंद इमारतीतील धुरासाठी असते. इमारतीच्या आगीसाठी बनवलेला जाड अग्निरोधक सूट घालून उन्हाळ्यात डोंगर चढणारा माणूस तर आगीने नव्हे, उष्माघाताने खाली बसेल.

माणशी साहित्य असे असावे. डोक्याला भारतीय मानक २९२५ चे हेल्मेट. डोळ्यांना सर्व बाजूंनी बंद असलेला चष्मा, कारण गवताच्या आगीत जी इजा वारंवार होते ती उडणाऱ्या राखेने आणि काटक्यांनी डोळ्यांना होते. पायात मानक १५२९८ चे घोट्याच्या वर येणारे चामडी बूट, हातात चामडी हातमोजे. अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि सुती पँट. आपण ज्या मुलाविषयी लिहिले आहे त्याचा प्रसंग वाचून मी एवढेच म्हणेन की नायलॉन, पॉलिस्टर आणि त्यांचे मिश्रण असलेले कपडे घालून कोणीही वर जाणार नाही, हा नियम निधी येण्याची वाट न पाहता आजपासून लागू करावा, कारण जुनी जीन आणि खादीचा शर्ट प्रत्येक घरात सापडतो. मानक ९४७३ चा धूळरोधक मास्क राख व धुराचे कण अडवतो, मात्र कार्बन मोनॉक्साईड अडवत नाही. डोके जड झाले, मळमळू लागले की मास्क तोंडावर असला तरी मागे यायचे, हे मुलांच्या अंगवळणी पाडावे.

सामूहिक साहित्यात दोन पेट्रोल ब्लोअर (हवेच्या झोताने पालापाचोळा उडवणारी यंत्रे), लांब दांड्याच्या रबरी झोडपण्या, कोयते, दाताळी, डोक्याला बांधायचे टॉर्च, पाठीवरचे पाण्याचे पंप आणि प्रथमोपचार पेटी एवढे पुरे. पाठीवरचा पंप फवारणीचा चालतो, परंतु ज्यातून कीटकनाशक किंवा तणनाशक एकदाही फवारले आहे तो घेऊ नये, कारण त्याची वाफ तोंडासमोरच येते. ब्लोअरमध्ये इंधन भरण्याची जागा आगीपासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठरवून ठेवावी.

दोन माणसांना पूर्ण संच आणि वीसजण उघडे, यापेक्षा वीसजणांना बूट, चष्मा, हेल्मेट आणि हातमोजे हे कितीतरी शहाणपणाचे आहे. जेवढे संच, तेवढीच माणसे वर जातील, हे लेखी ठरवून घ्यावे. मग निधी मागताना आकडाही आपोआप पक्का होतो.

पुण्याहून_सीएसआर

कंपन्यांकडे जाण्याचा विचार असेल तर काही गोष्टी आधी जुळवाव्यात. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावी लागते. त्याच अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरण रक्षण तर आहेच, २०१९ पासून आपत्ती व्यवस्थापनाचाही समावेश झाला आहे. आपले काम दोन्हीकडे बसते. मात्र नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाच्या खात्यावर कोणतीही कंपनी पैसे टाकणार नाही. संस्थेमार्फत खर्च करायचा तर तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि आयकर सवलतीची १२अ व ८०जी ही प्रमाणपत्रे साधारणपणे मागितली जातात.

आपल्यासारख्या गावाने ही नोंदणी करत बसण्यापेक्षा रोख रकमेऐवजी वस्तू मागाव्यात, असे माझे मत आहे. कंपनी स्वतः खरेदी करून साहित्य देऊ शकते आणि टिकाऊ मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या, म्हणजे इथे ग्रामपंचायतीच्या, नावावर ठेवण्याची मुभा नियमांत आहे. ग्रामपंचायतीने ते जडवस्तू संग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत चढवावे आणि पथकाला लेखी ताबा द्यावा. मालकी पंचायतीची आणि वापर पथकाचा, हे कागदावर असले की सरपंच बदलला किंवा मंडळात फूट पडली तरी ब्लोअर कोणाच्या घरी अडकून पडत नाही.

मुंबईकर मंडळाची वर्गणी हा सर्वात जलद मार्ग आहे, पण त्यातही एक पायरी चुकवू नये. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी हेच करतात, त्यामुळे मंडळातील कोणाला तरी ती वाट माहीत असेलच. मुंबईकर मंडळ स्वतः नोंदणीकृत असेल तर हा प्रश्न येत नाही, फक्त त्यांच्या घटनेतील उद्दिष्टांत असे काम बसते का ते पाहावे.

जावळीचा_रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. श्वसनयंत्राचा विषय आम्ही सोडून देत आहोत, आणि मुंबईकर मंडळ नोंदणीकृत आहे हे आज विचारून घेतले. दोन शंका उरतात. पहिली अशी की साहित्य एकदा मिळेल, पण पेट्रोल, मास्क, फाटलेले हातमोजे हा दरवर्षीचा खर्च कोणी करायचा? दुसरी अशी की डोंगराचा बहुतांश भाग वनविभागाचा असताना त्या विभागाकडून साहित्य मागणे योग्य ठरेल का, की आम्ही परवानगीशिवाय आत जातो म्हणून आमच्यावरच बोट ठेवले जाईल?

गोंदियाची_वन_समिती_सदस्य

ताई म्हणून अधिकाराने लिहिते, वनविभागाकडे जरूर मागा आणि संकोच अजिबात बाळगू नका. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ नुसार ज्यांना राखीव किंवा संरक्षित वनात हक्क आहेत किंवा वनोपज नेण्याची परवानगी आहे, त्यांच्यावर आगीची माहिती देणे आणि ती विझवायला मदत करणे हे कायद्याचेच बंधन आहे. कायदा ज्याला आगीसमोर उभे करतो, त्याच्या पायात बूट असावेत ही मागणी न्याय्य आहे. आमच्या जिल्ह्यात एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून गेले. त्यानंतर आमच्या समितीच्या बैठकीत बायकांनी पहिला प्रश्न साहित्याचाच विचारला होता.

मार्ग संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा, म्हणजे गाव आणि वनविभाग मिळून वन सांभाळणाऱ्या समितीचा आहे. आपल्या गावात ती असेल तर पथक तिच्याच अंतर्गत दाखवावे, म्हणजे आपण परके राहत नाही आणि साहित्याची मागणी वनपालांमार्फत वनक्षेत्रपालांकडे रीतसर जाते. केंद्राची वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना आहे, तिच्यात राज्याचा वाटाही असतो, आणि विभागाचा आराखडा हंगामाआधीच ठरतो. हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो, त्यामुळे पावसाळा संपताच पत्र द्यावे. त्याच पत्रात जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढण्याचे काम आपल्या पथकाला द्यावे अशी विनंती करावी. त्याची मजुरी मिळते आणि तीच आमच्याकडे पेट्रोल-मास्कच्या खर्चाला येते. आमच्या ग्रामसभेला तेंदूपानाच्या विक्रीचा आधार आहे, तो आपल्या भागात नसेल, पण जाळरेषेचे काम सगळीकडे निघते.

आणखी एक, यासाठी पैसे लागत नाहीत. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर कोणीही आपला मोबाईल नोंदवला तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश त्या भागासाठी येतो. तो काही वेळाने येतो, म्हणून टेहळणीला पर्याय नाही, पण रात्री डोंगराच्या पलीकडच्या अंगाला लागलेली आग कळायला त्याचा उपयोग होतो. आग दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून वेळ वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी मागणी करताना त्या वहीइतका भक्कम कागद दुसरा नाही.

निवृत्त_ग्रामसेवक

ताईंच्या लेखनाला एक जोड देतो, कारण विम्याचा विषय कोणी काढला नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघाती संरक्षण मिळते. वय १८ ते ७० असावे आणि हप्ता प्रत्येकाच्या बँक खात्यातून जातो. ते मृत्यू व अपंगत्वापुरते आहे, दवाखान्याचा खर्च त्यातून मिळत नाही, म्हणून मुंबईकर मंडळाने वर्गणीतील काही भाग पथकाच्या गट अपघात विम्यासाठी राखून ठेवावा आणि पॉलिसी घेताना भाजल्यावरचे उपचार त्यात आहेत की नाहीत हे लेखी विचारावे. विम्यासाठी पथकातील सदस्यांची नावे, वय आणि रक्तगट असलेली यादी लागेल. ती ग्रामसभेच्या ठरावाला जोडली तर तीच यादी वनविभागाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणालाही देता येईल. या प्राधिकरणाकडे आपदा मित्र या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या योजनेचे बारा दिवसांचे प्रशिक्षण आपल्या जिल्ह्यात पुढे कधी आहे याची चौकशी त्याच वेळी करावी, कारण प्रशिक्षित स्वयंसेवकांना त्यातून संचही दिला जातो. तो वणव्यासाठी बनवलेला नाही, तरी त्यातील टॉर्च, हेल्मेट आणि प्रथमोपचाराचे साहित्य आपल्या यादीतून वजा होईल.

ठरावाचा मसुदा तयार झाला की इथे टाकावा, वाचून दुरुस्त्या सुचवीन.