मुंबईच्या भिंतीवर पिवळं मांजर बसेल का?

गिरणगावकर
फ्रान्समधल्या ऑर्लेआँ शहरात १९९७ पासून भिंतींवर एक पिवळं, दात काढून हसणारं मांजर दिसायला लागलं. 'मस्यू शा', म्हणजे मांजरराव. पुढे ते पॅरिसलाही पोचलं. कोण काढतं हे वर्षानुवर्षं गुलदस्त्यात. २००७ मध्ये तोमा व्युई हा चित्रकार रंगवताना पकडला गेला तेव्हा कुठे कळलं.

आपल्याकडे असं पात्र का नसावं? मोठी चित्रं आहेत की. २००९ मध्ये पालिकेच्या संमतीने तुळशी पाइप रोडची भिंत लोकांनी रंगवली. वांद्रे रिक्लेमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आले. पण ती बघायला मुद्दाम जावं लागतं. मला हवंय ते पात्र न सांगता भेटणारं. आज करी रोडला पुलाखाली, महिन्याने भायखळ्याला. चाळ गेली, पत्रे लागले, टॉवर उभा राहिला, तरी एक तोंड ओळखीचं.

सोसायटीचा सेक्रेटरी
ओळखीचं तोंड हवं असेल तर चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा, वर्षभर तीच तोंडं.

मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. बाहेरून रंग काढायचा म्हणजे काय असतं ठाऊक आहे? जनरल बॉडीत भांडणं, वर्गणी थकवणारे सभासद, पावसाळ्याआधी काम उरकायची घाई. एवढं करून रंगवलेल्या भिंतीवर कोणी रात्रीत मांजर काढलं तर मी पोलिसांत जाईन. कलाकार फोटो टाकून मोकळा, पुन्हा रंगाचा हात मारायचा आम्ही.

लालबागकरीण
सेक्रेटरीकाका, त्याच भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या असतात, त्यासाठी कधी गेलात पोलिसांत?

आणि पात्र नाही कसं म्हणता? जिन्याच्या कोपऱ्यातल्या टाइल्स बघा. साईबाबा, गणपती, येशू एका रांगेत. अख्ख्या मुंबईत तेच चेहरे, आणि पुसायची कोणाची छाती नाही. लोकलच्या डब्यातल्या जाहिरातींतले बाबा बंगाली तर विचारूच नका.

गिरणगावकर
टाइल धाक घालते, बाबा पैसे मागतो, फ्लेक्स मत मागतो. मांजर काही मागत नाही. मला तेच हवंय.

फुकटचा सल्ला
टायलर नावाच्या भित्तिचित्रकाराला विसरलात? मुंबईत भिंतींवर स्टेन्सिल मारतो, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग, चेहरा झाकलेलाच.

गिरणगावकर
मान्य, भारी माणूस आहे. पण त्याचं प्रत्येक चित्र म्हणजे नवा टोमणा. तेच ते पात्र पुन्हा भेटतंय असं होत नाही.

रणवारवाला
माझी भीती वेगळीच. आमच्याकडे वांद्र्याच्या चॅपल रोडवर बॉलीवूड आर्ट प्रोजेक्टची, म्हणजे भिंतींवर सिनेमा रंगवणाऱ्यांची, अनारकली आली, तिच्या आगेमागे आणखी कितीतरी चित्रं. सुंदर होती, वाद नाही. मग कॅमेरेवाले आले, प्री-वेडिंगवाले आले. म्हातारी माणसं ओट्यावर बसली की 'आंटी, जरा बाजूला'. तुमचं मांजर गाजलं की पहिला उचलणार कोण? बिल्डर. साइटच्या पत्र्यावर छापील मांजर, खाली 'जुन्या परळचा आत्मा, तीन बीएचके'. चाळ पाडणाराच चाळीचं मांजर विकेल, आणि तुम्ही इथे नवा धागा काढाल.

गिरणगावकर
हा मुद्दा मात्र लागला. म्हणूनच ते विनापरवाना हवं, छापील झालं की मेलं. व्युईवर पॅरिसमध्ये खटले झाले ते स्थानकांतल्या दुरुस्तीला काढलेल्या भिंतींवरून. भिंत झाकली जाणारच होती, मग नुकसान कोणाचं, असा त्याचा सवाल. आपल्याकडे पालिकेने सी-१ ठरवलेल्या, म्हणजे पाडायच्याच इमारती आहेत. तिथे काढलं तर बिघडलं कुठे?

सोसायटीचा सेक्रेटरी
सी-१ म्हणजे अतिधोकादायक. सज्जा अंगावर आला की मांजर काढणाऱ्याची आई कोणाच्या दारात येणार?

लालबागकरीण
सज्जाचं सोडा. सी-१ची नोटीस लागली तरी आत माणसं असतात. पागडीवाले जुने भाडेकरू, कोर्टात गेलेले, ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या घरांत जायला घाबरणारे. आमच्या मजल्यावरच्या आजी भांडी पोत्यात भरत होत्या. तेव्हा दाराबाहेर कोणी दात काढून हसत असतं तर मीच खरवडून काढलं असतं. त्या भिंतीचं मोल बिल्डरच्या लेखी शून्य, पालिकेच्या लेखी शून्य, आता कलाकाराच्याही लेखी शून्य?

गिरणगावकर
मग विचारून काढावं? आजींना, मजल्यावरच्यांना? पालिकेला नाही, बिल्डरला तर नाहीच.

लालबागकरीण
विचारा. आजी 'नको' म्हणाल्या तर ब्रश पिशवीत टाकायचा. आणि 'हो' म्हणाल्या तर मांजर कसलं, त्या गणपतीच काढायला सांगतील.

सोसायटीचा सेक्रेटरी
आमच्याकडे रीतसर अर्ज द्या. पुढच्या सभेत घेतो, विषय क्रमांक सात, पाण्याच्या टाकीच्या गळतीनंतर.