प्रमोशनचा शब्द की हातातली ऑफर? तुमचं काय झालं ते सांगा

गेल्या मंगळवारी ऑफर लेटर आलं. 30 टक्के वाढ, पद एक पायरी वरचं. सोमवारपर्यंत सही करून पाठवायची आहे. इकडे माझे मॅनेजर दीड वर्षापासून सांगतायत, "पुढच्या सायकलला तुझं नक्की." ती सायकल, म्हणजे प्रमोशनची फेरी, आता दोन महिन्यांवर आली आहे. माणूस वाईट नाही, काम आवडतं, टीमशी जमतं. म्हणूनच अडकलोय. वाईट असते तर प्रश्नच नव्हता.

सल्ला नकोय, तो घरात भरपूर मिळतोय. तुमच्यावर ही वेळ आली तेव्हा काय केलंत आणि पुढे काय झालं, तेवढं लिहा. फसलेले अनुभव आधी.

*

मी थांबले होते. मीटिंग रूमचं दार लावून सर म्हणाले होते, "पुढच्या वेळी तू लीड. माझा शब्द." मी ऑफर नाकारली. सातव्या आठवड्यात सरांनीच राजीनामा दिला. त्यांनाही बाहेरून ऑफर होती, आणि त्यांनी ती घेतली!

नव्या मॅनेजरना मी सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता लॅपटॉप माझ्याकडे वळवला. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'पदोन्नतीसाठी शिफारस' असा एक रकाना असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझा रिकामा होता. सर खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. त्यांच्या मनात असणार. फॉर्ममध्ये नव्हतं, एवढंच.

*

माझा अनुभव उलटा आहे. थांबलो आणि मिळालं.

आमच्याकडे प्रमोशन तीन टेबलांवरून जातं. मॅनेजर नाव सुचवतो, मग सगळे विभागप्रमुख एकत्र बसून नावं तोलतात, शेवटी फायनान्स पैसे मोकळे करतं. मी मॅडमना ऑफर दाखवली नाही. फक्त विचारलं, माझं नाव आत्ता कुठल्या टेबलावर आहे? त्या म्हणाल्या, दुसऱ्या. शेजारच्या विभागाने हरकत घेतली होती, कशावर घेतली, त्यांनी काय उत्तर दिलं, हेही सांगितलं. इतका तपशील बसल्या जागी रचता येत नाही, म्हणून विश्वास ठेवला. पत्र ठरल्यापेक्षा पाच आठवडे उशिरा आलं. त्या पाच आठवड्यांत मी रोज सकाळी उठून नाकारलेली ऑफर पुन्हा वाचायचो. वाढही बाहेरच्यापेक्षा कमीच मिळाली. तरी पस्तावा नाही. बहुतेक.

*

जाऊ नये म्हणून आपल्याच कंपनीने वाढवून दिलेला पगार, म्हणजे काउंटर ऑफर, मी घेतली. पुढच्या अप्रेझलला शून्य. "तुला मध्येच दिलं होतं ना?" म्हणजे माझीच पुढची वाढ मला आगाऊ दिली होती, आणि मी वर आभारही मानले होते.

*

गेले, आणि आकड्यांत फसले, म्हणून आकड्यांतच सांगते. जुना पगार 100 धरा, सगळा पक्का. नवा 135. घरी सगळे खूश. पण त्या 135 मधले 27 व्हेरिएबल होते, मिळतील तेवढेच मिळणारे, म्हणजे पक्के 108. पहिल्या वर्षी व्हेरिएबल अर्धंच आलं. शिवाय मी राजीनामा टाकला तेव्हा जुन्या कंपनीत बोनस जमा व्हायला तीन आठवडे होते. नोटीस पिरियडमध्ये असलेल्याला बोनस नाही, असं माझ्याच नेमणूकपत्रात सहाव्या पानावर लिहिलेलं होतं. नव्या कंपनीचे शेअर्स चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार होते. त्यातही पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, एक वर्ष झालं की 25 टक्के. त्या 25 टक्क्यांसाठी शेवटचे चार महिने दात-ओठ खात काढले.

पद मात्र झकास होतं. सीनियर मॅनेजर. हाताखाली कोणी नाही.

*

मीही गेलो होतो. नव्या ठिकाणी बरोबर एका वर्षाने नव्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या सायकलला तुझं नक्की."

*

मी टेबलाच्या पलीकडचा आहे. असे शब्द मी दिलेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आम्ही काय बोलतो ते ऐकूच नका, क्रियापद ऐका. 'बघू या' म्हणजे नाही. 'प्रयत्न करतोय' म्हणजे वरच्यांशी अजून बोललेलो नाही. 'तुझं नाव पुढे आहे' म्हणजे आणखी नावं आहेत. 'पाठवतोय' म्हणजे कागद माझ्याच टेबलावर आहे. 'पाठवलंय' म्हणजे मात्र खरंच काहीतरी घडलं आहे. पुढे ते अडकेल, पण घडलं आहे. आणि 'तू या टीमचा कणा आहेस' हे ऐकलंत तर सांभाळा, कणा जागचा हलवत नाहीत.

एका वर्षी माझ्याकडे एक जागा होती आणि तिघांना मी आशा दाखवली होती. मुद्दाम नाही. प्रत्येकाशी बोलताना तोच योग्य वाटायचा. शिवाय प्रोजेक्ट अर्ध्यात होतं, तिघंही हवे होते. जागा एकाला मिळाली. दुसरी महिन्याभरात गेली. तिसरा राहिला आणि त्यानंतर मीटिंगमध्ये एक शब्द बोलेनासा झाला. कामात काडीची खोट नाही, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आधी हाच माणूस माझ्या प्लॅनमधल्या चुका सगळ्यांसमोर काढायचा आणि मला राग यायचा.

आता मी शब्द देत नाही. शिफारस केली असेल तर तारीख सांगतो, केली नसेल तर नाही म्हणतो. लोक नाराज होतात. काही जातातही.

*

वरच्या साहेबांना नमस्कार. त्या तिसऱ्याशी माझी चांगली ओळख आहे, आरशात रोज भेटतो. कंपनी वेगळी असेल, गोष्ट तीच.

*

सही केली म्हणजे झालं असं समजणाऱ्यांसाठी लिहितेय. ऑफर लेटर आलं आणि मी त्याच संध्याकाळी राजीनामा टाकला. पदोन्नतीचं गाजर दोन वर्षं बघितल्यावर तो मेल पाठवताना काय सुख झालं म्हणून सांगू! मॅनेजरच्या शंभर विनवण्या मी ऐकून घेतल्या, जरा चवीने.

ऑफर लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात 'बॅकग्राउंड चेक समाधानकारक झाल्यास' असं होतं. तो चेक, म्हणजे माझ्या आधीच्या नोकरीची आणि कागदपत्रांची पडताळणी, नोटीस पिरियडच्या पाचव्या आठवड्यापर्यंत सुरूच झाला नव्हता. सहाव्या आठवड्यात फोन आला, "पद सध्या गोठवलंय, तुमची फाइल आमच्याकडे राहील." माझ्या जागी माणूस ठरला होता, त्याला मीच काम समजावून देत होते. पाणी पिऊन आले आणि त्याच मॅनेजरच्या दारावर टकटक केली. राजीनामा मागे घेऊ दिला त्यांनी. प्रमोशनचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही, मीही नाही. आठ महिन्यांनी दुसरीकडे गेले. त्या वेळी चेक पूर्ण झाल्याचा मेल आल्यावरच राजीनामा दिला.

*

धागा मीच काढला होता, म्हणून पुढचं सांगतो.

काल संध्याकाळी मॅनेजरना गाठलं. ऑफरचं बोललो नाही. एवढंच विचारलं, "सर, या सायकलची शिफारस गेली का?" त्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाले, "पाठवतोय रे. या आठवड्यात पाठवतोयच."

'पाठवलंय' नाही. त्या साहेबांचं वाचलं नसतं तर हा फरक माझ्या कानावरून गेला असता, आणि मी खूश होऊन जागेवर आलो असतो.

ऑफरवर आज दुपारी सही केली. व्हेरिएबल किती ते विचारून लेखी घेतलं: 10 टक्के. बोनस जमा होऊन गेलाय. राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. बॅकग्राउंड चेकवाल्यांनी जुन्या पगाराच्या स्लिपा मागितल्यात, त्यातली एक सापडत नाहीये.