ठाण्याहून वर्षभर जंगलात मुक्कामासाठी टेंट कुठला घ्यावा? (बजेट ६,०००)

घोडबंदरकर: आम्ही तिघं, लेक नऊ वर्षांची. आजवर भाड्याचे टेंट वापरले, आता स्वतःचा घ्यायचाय. पाऊस आणि थंडी दोन्हीत चालेल असा. गाडी नाही, लोकल आणि एसटीने फिरतो. ६,००० पर्यंत, ओढूनताणून ७,०००. आणि येऊरला रात्री टेंट टाकता येतो का?

कातळवेडा: बजेट विसरा. मी अॅल्युमिनियम पोलचा, चार जणांचा, बावीस हजारांना घेतला. रतनगडाच्या वाऱ्यात शेजारच्यांचे फायबरचे पोल मोडले, माझा ढिम्म हलला नाही.

वाशीची_मनाली: येऊरला अजिबात नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय आत जाणंही गुन्हा. शिवाय बिबट्या. लहान मूल बरोबर असताना विचारही करू नका.

जुना_ठाणेकर: आम्ही शाळेत असताना येऊरला बिनधास्त राहायचो. आज तिथे बंगले, हॉटेलं, रात्रभर डीजे, आणि दोन माणसांच्या टेंटला मात्र बंदी? संताप येतो.

वाशीची_मनाली: काका, डीजेही बंदच व्हायला हवा, पण म्हणून टेंट चालेल असं होत नाही.

नेरूळचा_भटक्या: स्वस्तातला घेऊ नका. मी ऑनलाइन १,८०० चा पॉप-अप घेतला, वर ठळक 'वॉटरप्रूफ'. प्रबळमाचीला पहिल्याच सरीत शिवणीतून धार लागली. कंपनीने तक्रारीला उत्तरही दिलं नाही. डबल लेयर बघा, बाहेरचा थर जमिनीपर्यंत आलेला. कापड २,००० मिमी, तळ ३,००० मिमी (कापड किती दाबाचं पाणी अडवतं त्याचं माप, जास्त तेवढं चांगलं), शिवणींना आतून टेप.

सह्यसई: थंडीत सकाळी आतलं कापड ओलं लागतं, तेव्हा टेंट गळतोय असं वाटून लोक सगळ्या खिडक्या बंद करतात. ते आपल्याच श्वासाचं पाणी. वरची खिडकी उघडीच ठेवा. दुसरं, खाली ताडपत्री घालाल तर तिच्या कडा टेंटच्या तळाखाली दुमडा. बोटभर जरी बाहेर राहिली तरी वरून ओघळलेलं पाणी तिच्यावर साचतं आणि थेट पाठीखाली येतं. बूट आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला. आपल्याकडे फुरसं आहे, विंचू आहेत.

कळवा_स्लो: डबल लेयरच घ्या. आणि चार जणांचा. तिघांना तीनचा म्हणजे सॅक बाहेर.

कातळवेडा: तेच. चारचाच. आणि अॅल्युमिनियम.

जुना_ठाणेकर: पावसाळ्यात टेंट हवाच कशाला? प्रबळमाचीला गावातल्या घरी उतरा, गरम पिठलं-भाकरी मिळते. टाकायचाच तर ओढ्याकाठी कधीही नको, वर डोंगरात पाऊस झाला की खाली बघता बघता लोंढा येतो.

कळवा_स्लो: ओढ्याचं बरोबर. गवत वाळलं की चूलही नको.

घोडबंदरकर: सगळ्यांचे आभार. घेतला. तीन जणांचा, डबल लेयर, फायबर पोल, ६,८००. चारचा दुकानात उचलून पाहिला, पाच किलो सहज. शनिवार सकाळच्या कसारा लोकलमध्ये तो, पाणी आणि लेकीची सॅक, सगळं आम्हा दोघांच्या पाठीवर येणार. सॅक पायाशी ठेवू, दाटीवाटीने झोपू. अॅल्युमिनियम परवडत नाही, तेव्हा उघड्या माथ्यावर टाकणार नाही. पावसातही टेंटमध्येच राहणार, लेकीला तेच हवंय.

सोसायटीच्या गच्चीवर लावून पाइपने पाणी मारून पाहिलं. दाराच्या खालच्या कोपऱ्यात ओल आली, तिथे सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव) लावून वाळवला, पुन्हा पाणी मारलं, आता कोरडा आहे. नवीन घेणाऱ्यांनी हे घरीच करा.

शनिवारी आसनगावला उतरून माहुली गडाच्या पायथ्याशी राहायचं म्हणतोय. तो भाग तानसा अभयारण्यात येतो ना? टेंटसाठी परवानगी कुठे विचारायची?

सह्यसई: हो, येतो. पायथ्याला वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. नाही म्हणाले तर माहुली गावात कुणाच्या तरी अंगणात त्यांना विचारून टाका. पाणी गावातच भरून घ्या.

कातळवेडा: खुंट्या बदलून घ्या. बरोबर येतात त्या कातळावर वाकतात.